एकदा तरी आई होऊ द्यावं का?

प्रश्न: आमच्याकडे साडेतीन वर्षांची राणी नावाची कुत्री आहे. साधारण सहा महिन्यांपूर्वी जिन्याखाली मांजराचं एक पिल्लू सापडलं, दीडेक महिन्याचं असेल. तेही घरातच राहिलं, ती आमची मनी. दोघींची गट्टी म्हणावी अशी नव्हती, पण भांडणही नव्हतं. गेल्या दोन आठवड्यांत मात्र घराची शांतता पार गेली आहे. राणी पलंगाखाली घर करून बसते. तिथे तिने मुलाचे मोजे, एक कापडी ससा, माझा रुमाल असं काय काय गोळा केलंय. कोणी हात घातला की गुरगुरते. तिला चक्क दूध आलंय! दोन महिन्यांपूर्वी तिचा माज संपला आणि त्या काळात ती कुठल्याही कुत्र्याजवळ गेलेली नाही. मनीचं वेगळंच चाललंय. रात्र-रात्र ओरडते, जमिनीवर गडबडा लोळते. मध्ये थांबलं होतं, आता पुन्हा सुरू झालंय. तिला कुठे दुखत असेल का? परवा ती पलंगाजवळून गेली तर राणीने तिच्यावर झडप घातली. सासूबाई म्हणतात, दोघींना एकदा तरी आई होऊ दे, आपोआप शांत होतील. नवरा म्हणतो, कुत्र्या-मांजराचं वैर जन्माचं, मनीला कोणाला तरी देऊन टाकू. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, मनीला कुठेही देऊ नका आणि दोघींपैकी कोणालाही पिल्लं होऊ देऊ नका. मनीला दुखत नाहीये, राणी वेडी झालेली नाही. दोघींची शरीरं आपापल्या जातीच्या हिशोबाने चालली आहेत, फक्त ते हिशोब वेगळे आहेत आणि नेमके एकाच वेळी तुमच्या घरात येऊन आदळले आहेत.

पण बाकी काही वाचण्याआधी राणीला डॉक्टरांकडे नेण्याची वेळ ठरवा, याच आठवड्यात. तुमच्या शब्दावर माझा अविश्वास नाही. तरीही कुत्रीचे गाभणपणाचे दिवस साधारण 63 असतात. म्हणजे माजाच्या काळात दोन मिनिटं दार उघडं राहिलं असेल, तर ती आता विण्याच्या बेतात असेल किंवा दिवस उलटून गेले असतील. सोनोग्राफी केली की ही शंका लगेच मिटेल. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. माज संपल्यानंतरचे हेच एक-दोन महिने गर्भाशयात पू होण्याचे असतात. डॉक्टर त्याला पायोमेट्रा म्हणतात. राणी नेहमीपेक्षा खूप पाणी पीत असेल, वारंवार लघवीला जात असेल, जेवण सोडलं असेल, मलूल पडली असेल, उलट्या होत असतील किंवा मागून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आठवड्याचीही वाट बघू नका, आजच न्या. कधी कधी गर्भाशयाचं तोंड बंद असतं, तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही आणि आत विष साचत जातं. हा प्रकार अधिकच घातक. स्वीडनमध्ये कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदी फार नीट ठेवल्या जातात. त्यांतून असं दिसलं की अंडाशय-गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्र्यांमध्ये दहा वर्षांची होईपर्यंत जवळपास दर चार माद्यांमागे एकीला हा आजार होतो. हा आकडा मी मुद्दाम सांगतेय, कारण ‘तिला कशाला कापायचं, आहे तशी राहू दे’ असं म्हणणाऱ्या प्रेमळ माणसांना तो सहसा कोणी सांगितलेला नसतो.

हे दोन्ही नसेल, आणि तुमच्या वर्णनावरून नसावं असंच वाटतं, तर राणीला झालंय ते खोटं गाभणपण. नाव खोटं असलं तरी तिच्या शरीराच्या दृष्टीने ते पूर्ण खरं आहे. कुत्रीच्या माजात अंडाशयातून बीजं आपोआप सुटतात, नर भेटो वा न भेटो. त्यानंतर दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत राहतं, आणि गंमत अशी की गाभण कुत्रीत आणि रिकाम्या कुत्रीत त्याचं प्रमाण जवळपास सारखंच असतं. शेवटी ते उतरतं आणि प्रोलॅक्टिन चढतं. प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं, घरटं करायला लावणारं, पिल्लांना सांभाळायला लावणारं संप्रेरक. पिल्लं नाहीत ही बातमी त्याला कळायची सोय नाही. मग मोजे, ससा, रुमाल यांनाच पिल्लांची जागा मिळते.

यामागे एक जुना वारसा असावा असं काही अभ्यासक मानतात. लांडग्यांच्या कळपात सहसा एकच जोडी प्रजनन करते, बाकीच्या माद्या पिल्लं सांभाळायला मदत करतात. अशा मादीला स्वतःची पिल्लं नसताना दूध आलं तर ते कळपाच्या कामाचंच ठरेल. राणीने पलंगाखाली मांडलेला संसार त्या दृष्टीने बघा. तिला तिची पिल्लं हिरावली गेल्याचं दुःख झालेलं नाही. तिच्या अंगात आत्ता सांभाळण्याची ओढ आहे आणि समोर मोजे आहेत.

म्हणून तिच्याशी झटापट करू नका. पलंगाखाली हात घालून ससा ओढायचा नाही, गुरगुरली म्हणून रागवायचं नाही. गुरगुरणं ही तिची सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात लागतील. ती फिरायला बाहेर गेली की मागे कोणीतरी एक-एक वस्तू उचलायची, आज दोन मोजे, उद्या रुमाल. शेवटी पलंगाखालची जागाच बंद करा. फिरणं वाढवा, वेगळ्या रस्त्याने न्या, वास घेत शोधायचे खेळ द्या. मन दुसरीकडे गेलं की हा जोर लवकर ओसरतो. स्तनं पिळून दूध काढू नका, गरम शेक देऊ नका, तिला स्वतः चाटूही देऊ नका, कारण जितकं दूध निघेल तितकं नवीन तयार होईल. चाटणं थांबत नसेल तर तोंड अंगापर्यंत पोचू न देणारी शंकूसारखी कॉलर गळ्यात घाला किंवा अंगात जुना बनियन चढवा. ‘पाणी तोडा म्हणजे दूध आटेल’ असा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. साधारण दोन-तीन आठवड्यांत हे सारं आपोआप मावळतं. नाही मावळलं, किंवा एखादं स्तन कडक, लाल, गरम झालं, तर डॉक्टर प्रोलॅक्टिन उतरवणारं औषध देऊ शकतात, कॅबरगोलिन त्यासाठीच वापरतात.

आता मनी. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये, पण एक करून बघा. तिच्या पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत हात फिरवा. ती पुढचे पाय टेकवून छाती जमिनीला लावेल, मागचा भाग उंच धरेल, शेपूट एका बाजूला वळवेल आणि मागच्या पायांनी जागच्या जागी पावलं टाकू लागेल. हा माज. आवाज ऐकून जीव कासावीस होतो, हे अगदी खरं, पण ती हाक आहे, कळ नाही. (लघवीला बसून जोर करते आणि होत नाही, रक्त दिसतं, असं काही असेल तर ते वेगळं दुखणं, लगेच दाखवा.)

मध्ये थांबून पुन्हा का सुरू झालं, याचं उत्तर मोठं विलक्षण आहे. कुत्रीसारखी मांजरीची बीजं आपोआप सुटत नाहीत. बहुतेक वेळा समागम झाल्यावरच, त्या स्पर्शाच्या संदेशाने मेंदू हुकूम देतो आणि मग बीजं सुटतात. एकांड्या शिकाऱ्याला हे सोयीचं. नर कधी भेटेल त्याचा नेम नाही, तर बीज वाया का घालवा? म्हणून नर भेटला नाही की मांजरीचा माज आठवडाभर चालतो, उतरतो, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. दिवस मोठे असण्याच्या ऋतूत हे चक्र चालू राहतं. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असतील तर शरीराला दिवस मोठाच वाटतो आणि चक्र वर्षभरही चालू राहू शकतं. साडेसात महिन्यांची मनी तुम्हाला अजून पिल्लू वाटत असेल, पण मांजरी पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की माजावर येतात, काही तर चौथ्याच महिन्यात.

खिडक्या बंद ठेवा, जाळ्या तपासा. माजावरची मांजर एरवी न जाणाऱ्या फटीतूनही जाते. एकदा बाहेर गेली तर एकाच फेरीत दोन-तीन बोक्यांशी गाठ पडू शकते, आणि मग एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असतात. 63 ते 65 दिवसांत पिल्लं, बहुधा तीन ते पाच. ती अजून अंगावर पीत असतानाच आई पुन्हा माजावर येऊ शकते. माज दाबणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं देऊ नका. त्यांनी गर्भाशयात पू होणं, स्तनाच्या गाठी, मधुमेह असे धोके वाढतात. ती ओरडली म्हणून तिच्यावर ओरडूही नका. बिचारीच्या हातात काही नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यामागे माया आहे, त्याबद्दल मला शंका नाही. बाईचं आईपण त्यांनी स्वतः अनुभवलंय आणि त्या तेच राणी-मनीसाठी मागताहेत. त्यांना एवढंच समजावून सांगा, की कुत्री किंवा मांजर पुढे येणाऱ्या बाळाची वाट बघत नाही आणि न झालेल्या बाळाची हुरहुर तिला लागत नाही. एकदा वेत झालं की स्वभाव निवळतो, आजार टळतो, याला वैद्यकीय आधार नाही. उलट ज्या कुत्रीला एकदा खोटं गाभणपण आलं तिला पुढच्या माजानंतर ते पुन्हा येण्याची शक्यता असते, मध्ये खरी पिल्लं झाली असली तरी. मनी तर विल्यावर काही आठवड्यांत पुन्हा तशीच ओरडू लागेल.

आणि पिल्लांचं काय? इथे मला थोडं थांबायचंय, कारण माणसाच्या घरात आल्याने या प्राण्यांचं जे बदललं, ते नेमकं इथे लागू होतं. लांडग्याची मादी वर्षातून एकदाच माजावर येते, हिवाळ्याच्या शेवटी, म्हणजे पिल्लं बरोबर वसंतात जन्माला येतात. बाप शिकार आणतो, मोठी भावंडं पोटातून अन्न ओकून पिल्लांना भरवतात, सगळा कळप राबतो. कुत्र्याची मादी सहा-सात महिन्यांनी येते, ऋतू कुठलाही असो, आणि बहुतेक नर पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाहीत. बसेंजीसारखी एखादी जात अजून वर्षातून एकदाच माजावर येते, पण ती अपवाद. रशियात नोवोसिबिर्स्कजवळ 1959 साली शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. दर पिढीत फक्त माणसाला न घाबरणारे, न चावणारे कोल्हे निवडून त्यांचीच वीण वाढवायची. बाकी कशासाठीही निवड नाही. पुढे त्यांच्या सहकारी ल्युडमिला त्रुत यांनी तो अनेक दशकं चालवला. काही पिढ्यांतच शेपट्या हलवणारे, माणसाचा हात चाटणारे कोल्हे जन्मू लागले, आणि त्यांच्या प्रजननाचा ठरलेला काळही सैलावला. माणसाजवळ राहण्याची सवय शरीरात किती खोल जाते, ते यातून दिसतं. म्हणजे राणीचा कळप आता तुम्ही आहात. तिला सहा-सात पिल्लं झाली तर राबणारा बाप तुम्ही, मोठी भावंडंही तुम्हीच.

कुत्र्याच्या पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, आणि मांजराच्या पिल्लांना दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत, माणसांचे हात, आवाज, इतर प्राणी यांची ओळख व्हावी लागते. तो काळ एकदा गेला की पुढे तीच ओळख फार जड जाते, भित्री आणि चावरी जनावरं बऱ्याचदा तिथेच घडतात. शिवाय किमान आठ आठवडे आईजवळ ठेवायचं आणि मग प्रत्येकाला असं घर शोधायचं, जे पंधरा वर्षं सांभाळेल. हे सगळं करायची तयारी असलेले लोक असतात आणि ते मनापासून करतात. पण ‘एकदा होऊ दे’ या वाक्यात ही तयारी नसते, आणि त्याची किंमत पिल्लं मोजतात.

आता तुमच्या यजमानांचं वैराचं म्हणणं. ते मला पटत नाही. मनी दीड महिन्याची असताना आली, म्हणजे ओळख होण्याच्या अगदी ऐन काळात तिने राणीला पाहिलं, आणि सहा महिने दोघी एका छपराखाली राहिल्या. वैर असतं तर पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं. परवाची झडप ही घरटं राखणाऱ्या मादीची झडप आहे. तिथे मनीच्या जागी तुमचा मुलगा असता तरी ती गुरगुरली असती. (आणि म्हणूनच सध्या मुलाला त्या खोलीत एकटं जाऊ देऊ नका.)

दोन जातींमध्ये गैरसमज मात्र खरोखर होतात, कारण दोघींची घडणच वेगळी. कुत्रा लांडग्यापासून झाला, किमान 15,000 वर्षांपूर्वी, शेती सुरू होण्याच्याही आधी, शिकार करत फिरणाऱ्या माणसांबरोबर. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे 1914 मध्ये दोन माणसांबरोबर पुरलेल्या एका कुत्र्याची हाडं सापडली, सुमारे 14,000 वर्षांपूर्वीची. खूप नंतर त्या हाडांचा आणि दातांचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा लक्षात आलं की ते अवघं सात महिन्यांच्या आसपासचं पिल्लू होतं, त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार झाला असावा, आणि कोणी देखभाल केल्याशिवाय ते तितके आठवडे जगलं नसतं. कोणाच्या काही उपयोगाचं नसलेलं आजारी पिल्लू कोणीतरी जपलं. मला या शोधाचं फार अप्रूप आहे.

मांजर आली ती धान्यामागून. पश्चिम आशियात शेती रुजली, कोठारं भरली, उंदीर जमले, आणि रानमांजरं उंदरांमागे गावाच्या कडेला आली. आजच्या पाळीव मांजरांची मुळं त्या भागातल्या रानमांजराशी जुळतात, असं 2007 मध्ये जनुकांच्या एका अभ्यासातून दिसलं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या थडग्याशेजारी आठेक महिन्यांचं, म्हणजे आपल्या मनीच्याच वयाचं, मांजर पुरलेलं सापडलं. बेटावर मूळची रानमांजरं नव्हती, तेव्हा माणसांनी ती होडीतून नेली असणार. पण कुत्र्यासारखी मांजराची फारशी निवड माणसाने केली नाही. ती बरीचशी आपली आपणच आली आणि बरीचशी पूर्वीसारखीच राहिली.

त्यामुळे कळपातली राणी सरळ धावत जाऊन, पुढचं अंग वाकवून खेळायला बोलावते, आणि एकटीने जगायला घडलेल्या मनीला तो हल्ला वाटतो. राणीची शेपूट सैल हलते तेव्हा ती खुशीत असते, मनीची शेपूट सपासप हलते तेव्हा ती वैतागलेली असते. कुत्रा पाठीवर पडून पोट दाखवतो तेव्हा बहुधा शरण आलेला असतो, पण भांडणात पाठीवर पडलेल्या मांजरीचे चारही पंजे मोकळे असतात आणि ती सर्वांत धोकादायक तेव्हाच असते. मनी घाबरून पळाली की राणीतला पाठलाग जागा होतो. हे कळलं की अर्धी भांडणं होण्याआधीच थांबवता येतात.

सध्या दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवा. मनीला उंच जागा द्या, कपाटावर, फळीवर, जिथे राणी पोचणार नाही. तिचं खाणं-पाणी आणि वाळूचा डबाही राणीच्या वाटेत नको. एकीच्या अंगाखालचं फडकं दुसरीच्या खोलीत ठेवा, म्हणजे वासाची ओळख तुटणार नाही. राणीचं दूध आटून तिचं गुरगुरणं थांबल्यावर, तिला पट्ट्यात धरून, लांबूनच दोघींना समोर आणा आणि राणी मनीकडे टक लावून न बघता तुमच्याकडे वळली की तिला खाऊ द्या. मनी शेपूट ताठ वर करून आपणहून आली की समजा, तिच्याकडून मिटलं.

शस्त्रक्रिया दोघींची करा, पण आधी मनीची. माज उतरण्याची दोन-चार दिवस वाट बघायची की आत्ताच करायची, हे डॉक्टर तपासून ठरवतील. माजात रक्तपुरवठा वाढलेला असतो, तरी बरेच जण करतात. पुढच्या माजापर्यंत लांबवू नका, एवढंच. राणीची मात्र घाई नको. खोट्या गाभणपणात अंडाशयं काढली तर प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळतं आणि दूध, घरटं, गुरगुरणं हे सगळं लांबू शकतं. दूध पूर्ण आटू द्या, वर काही आठवडे जाऊ द्या, आणि पुढचा माज येण्याच्या आत उरकून घ्या. पायोमेट्रा निघाला तर अर्थात हे वेळापत्रक बाद, मग तातडीनेच करावी लागेल.

मनी दवाखान्यातून घरी येईल तेव्हा तिच्या अंगाला औषधांचा परका वास असेल, आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर. तिला सरळ तिच्या खोलीत न्या, राणीला भेटवू नका, टाके भरेपर्यंत तरी नाहीच. नंतर दोघींचंही खाणं मोजून द्या. शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, मांजरीत तर साधारण एक चतुर्थांशाने, त्यामुळे वजन पहिल्या काही महिन्यांतच चढतं. नेमकं किती कमी करायचं, ते टाके दाखवायला जाल तेव्हा वजन करून विचारून घ्या.